ओल्या फडक्याखालचे महाराज

"फडक्याला हात लावायचा न्हाय! लावला तर त्यो हात हितंच ठिवून इंदापूरला जावं लागंल!"

वसंता, हे तू कुणावर ओरडलास, कळतंय का तुला? फुलचंदकाकांवर. इंदापूरच्या पेठेत ज्यांच्या कापडदुकानात गिऱ्हाईक आवाज खाली करून शिरतं, त्या फुलचंदकाकांवर. दिवस मावळल्यावर पाण्याचा घोट न घेणारा, वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर गाडी बाजूला घ्यायला लावणारा माणूस. आणि तू असा ओरडलास, की कालव्याकडंच्या बाभळीवरचे बगळे जे उठले ते थेट उजनीच्या पाण्यावर जाऊन बसले. भिगवणला परदेशी पाखरं बघायला आलेल्या पुण्याच्या मंडळींनी त्या दिवशी आपल्या बगळ्यांचेच फोटो काढून नेले, असं मी सगळ्यांना सांगतो. खोटं असेल तर उठून सांग.

काका शांतपणे म्हणाले, "वसंतराव, हात नाही लावत. आमच्या आचार्य महाराजांना बघायला आलोय फक्त."

"झाल्याबिगार दावत न्हाय!" म्हणून तू हात झटकलास. हातात द्राक्षावर औषध मारायचा तो जुना पंप होता, ज्यानं आपण शाडूच्या मातीवर पाणी मारतो. पंपाची नळी फडक्यात अडकली आणि ओलं, जड फडकं आपलं आपण घसरत खाली आलं.

पद्मासनात बसलेले महाराज उघडे पडले. पोट पाठीला टेकलेलं. बरगड्या अशा, की एकेकीवर पणती ठेवावी. मानेच्या शिरा वर आलेल्या, गळ्याखाली एक हाड वाकडं होऊन पुढं आलेलं. नाक, कान, मिटलेले ओठ झालेले. डोळ्यांच्या जागी मात्र तुझ्या अंगठ्याचे नुसते दोन खड्डे.

काकांच्या मागं मंदिराच्या कमिटीची दोन माणसं होती. त्यांनी माना खाली घातल्या. काका बघत राहिले.

"हे काय केलंत, वसंतराव?"

"म्हाराज."

"हे आमचे महाराज नव्हेत."

"मंग माझं मामा हायत व्हय?"

"भगवंताच्या मूर्तीला कधी बरगडी बघितलीत? बाहुबली वर्षभर उभे राहिले. पायावर वेली चढल्या, वारुळं आली. पण छाती बघा, कशी भरलेली. मूर्ती देहाची नसते हो."

"त्ये पोचल्यालं, काका. म्हाराज अजून चालत हुतं. चालत्या माणसाचं अंग झिजतंय."

"आमच्या सुना-लेकरांनी रोज हे बघायचं?" काकांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "मी बघितलंय ते पुरे आहे. अंगावर मांस चढवा, डोळे करा. समाधीच्या वर्षदिनाला मूर्ती बसली पाहिजे. तुम्हाला जमत नसेल तर आम्ही जयपूरला जातो."

"जावा! जयपूरला संगमरवराचा लाडू करून देत्यात, त्यो बशिवा पाटावर!"

गाडी इंदापूरच्या रस्त्याला लागली. तू पंप माझ्या हातात कोंबलास आणि म्हणालास, "रंग्या, पाणी मार. फडकं वलं ऱ्हाऊ दे. मी आलोच."

आणि आला नाहीस. घरी गेलास, खाटेवर पडलास आणि त्याच आठवड्यात मेलास. लोक म्हणतात, देवमाणूस होता, कुणाला त्रास न देता गेला. मी त्या लोकांच्या तोंडाकडं बघत राहतो. वैशाखातलं ऊन, वर पत्रा, खाली शेड म्हणजे चुना भाजायची भट्टी. शाडूला दिवसभर पाणी लागतं, नाही मारलं तर महाराजांना भेगा पडतात. तू स्मशानात थंड झालास आणि मी तुझ्या मातीला थंड ठेवत बसलोय. हा त्रास नव्हे, तर काय सत्कार म्हणायचा?

तुझ्यावर स्मृतिलेख लिहून द्या, म्हणून बारामतीच्या साप्ताहिकवाल्यानं मला गाठलं. म्हणाला, गोड लिहा. मी म्हणालो, गोडाचं काम कारखान्याचं. माझ्याकडं जे आहे ते लिहितो.

आपली भागीदारी तुला आठवते तशी मला आठवत नाही. तू सांगायचास, रंग्या माझ्याकडं कामाला हाय. मी सांगायचो, वसंताला मी ठेवलाय. खरं एवढंच होतं, की गळ्याच्या वरचं तू करायचास आणि खालचं मी. धोतराच्या निऱ्या, फेट्याचा पीळ, शेल्याची झुळूक, पदराचा काठ. माझ्या हातचं धोतर बघून माळेगावच्या एका म्हाताऱ्यानं पुतळ्याला विचारलं होतं, कुठल्या धोब्याकडं टाकता? तू मात्र प्रत्येक गिऱ्हाइकासमोर मला "आमचा धोतरवाला" म्हणालास.

त्याच माळेगावचा घोडा. कारखान्याच्या वाटेवर एका मंडळासाठी आपण केलेला, मागच्या दोन पायांवर उभा. तू परांचीवर चढून त्याचा कान घासत होतास. तेवढ्यात खालून वरात चालली आणि वरातीतली खरी घोडी आपल्या सिमेंटच्या घोड्याकडं बघून अशी लाडात खिंकाळली, की नवरदेव उलटाच बसला. तू ते ऐकून छाती फुगवून मागं वळलास आणि फुगलेल्या छातीसकट खाली आलास. गळ्याखालचं डावं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, हाड जुळलं, पण वाकडं. तेव्हापासून तुझ्या सदऱ्याच्या आत डाव्या बाजूला सुपारी ठेवल्यासारखी गाठ असायची. घोडीचा भाग मी थोडा वाढवला असेल. सुपारीत एक रेघ वाढवलेली नाही.

मग हे काम आलं.

आचार्य महाराजांचा शेवटचा चातुर्मास इंदापुरात झाला, आणि तिथंच त्यांनी सल्लेखना घेतली. म्हणजे अन्नपाणी एकेक करत सोडायचं, आणि शुद्धीवर राहून, सगळ्यांच्या देखत देह ठेवायचा. त्या दिवसांत काकांनी आपल्याला बोलावलं. मूर्ती करायची म्हणाले, आधी महाराजांना नीट बघून घ्या. मी वाटेत एस.टी.त कापडाचा विचार करत बसलो होतो. पोचलो आणि बघतो तर दिगंबर मुनी. अंगावर दोरा नाही. हातात मोरपिसांची पिंछी, बाजूला लाकडी कमंडलू, बस्स. तू माझ्याकडं बघून मंदिरात हसलास, वसंता. सगळ्या सभेसमोर हसलास. "रंग्या, तू आता घरी जा. हितं तुझं कायच काम न्हाय."

म्हणून मी पिंछी घेतली. मोरपिसं म्हणजे तरी काय, वाऱ्यानं हलणारं कापडच. आज सांगतो, त्या सबंध मूर्तीत एक माझी पिंछी तेवढी हलते. मुंग्या आपण होऊन बाजूला होतील.

काकांनी आपल्याला गाभाऱ्यात नेऊन चोवीस तीर्थंकर दाखवले होते. सगळ्यांचं बसणं एक, डोळे एक, ओठ एक. कुठले कोण ते खालच्या पट्टीवरून ओळखायचं, बैल असला तर पहिले, सिंह असला तर शेवटचे. मी तर हरखून गेलो. एक साचा आणि चोवीस मूर्ती! धंदा असावा तर असा. तू मात्र त्या पट्ट्याच बघत होतास. बाहेर आल्यावर म्हणालास, "ह्यांचं बरोबर हाय रं. जिंकलेल्याला वेगळं त्वांड कशाला लागतंय? पर म्हाराजांच्या बसायच्या पट्टीवर बैल न्हाय का सिंह न्हाय. त्यांला अंगावरनंच वळखाय पायजे."

तिथून तुझं डोकं फिरलं. रोज सकाळची इंदापूर गाडी. संध्याकाळी परत येऊन कागद पसरायचास आणि प्रत्येक कागदावर पाठ. मणक्याची माळ, खांद्याच्या मागची दोन पाती, मधला खळगा. मी विचारलं, "म्हाराजांनी तुझ्याकडं पाठ फिरवली का काय?" तू खेकसलास, पुढं भक्तांची दाटी, मला मागं खांबापाशी जागा मिळती, तर काय माणसं उचलून फेकू? बऱ्याच कागदांवर त्या पाठीला टेकवलेला एक पंजा होता. म्हटलं, हा कुणाचा? म्हणालास, कुणीतरी सेवेकरी हाय, म्हाराजांना टेकू देतोय, डोकं खाली घालून बसतोय, त्वांड दिसत न्हाय.

आता खरं भांडण सुरू होतंय, वसंता. ऐक.

एक दिवस मीही आलो होतो. महाराजांनी तोवर ताकही सोडलं होतं, फक्त पाणी चालू होतं. तू चेहऱ्याचा कागद त्यांच्यासमोर धरलास. त्यांनी बघितला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "नाक मोठं झालंय." तू, ज्यानं आमदारांच्या बायकोचं ऐकलं नाही, तो तू निमूट खोडरबर काढलंस. मग महाराजांनी माझ्याकडं बघून हात जोडले. माझ्याकडं! "आमच्याकडून काही दुखावलं असेल तर क्षमा करा."

मी घाबरलो. "म्हाराज, तुमी मला कायच केलं न्हाय."

"आम्हाला कपडे नाहीत म्हणून तुमचं काम गेलं म्हणे."

अख्खी सभा हसली. महाराजही हसले, पण हसायलाही त्यांना जोर लागत होता. तुझी थट्टा त्यांच्या कानावर गेली होती, आणि जाता जाता त्यांनी तिची फेड केली. कोण मी? पाव तासाची ओळख. त्यांनी झाडूवाल्या मावशीची मागितली, दूध घालणाऱ्या गवळ्याची मागितली. आज काय सोडतोय ते रोज सगळ्यांना सांगायचे. ज्याला यायचं त्यानं यावं, रडायचं त्यानं रडावं, भांडण असेल त्यानं ते आताच भांडून घ्यावं. माणूस मरतोय हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं.

तू तिथं होतास. माझ्या शेजारी मांडी घालून बसला होतास. तुझ्या कानात काय शाडू भरला होता?

महाराज गेले. दिवाळी आली. दिवाळीत तू माझ्या घरी फराळाला आलास आणि चकलीचा एक तुकडा तोंडात घोळवत बसलास. मी म्हणालो, खा की लेका, सिमेंट न्हाय त्ये. तू म्हणालास, पित्त झालंय. संक्रांतीला पित्त. शिमग्याला पित्त. पुरणपोळी पुढं आली की तुला पित्त. मी गावभर सांगत सुटलो, की वसंतानं महाराजांची मूर्ती करताना मटण सोडलं, मग भाकरी सोडली, आता नुसता चहा आणि वारा घेऊन जगतोय, पुढच्या चातुर्मासात त्यालाच पाटावर बसवणार. लोक हसायचे. तूही हसायचास. हसताना डाव्या हातानं पोट धरायचास, आणि मला वाटायचं, माझा विनोद जमला.

तू गेलास त्या सकाळी अंगणात पाट मांडून तुला अंघोळ घातली. पाणी मी ओतत होतो. सदरा काढला होता. पाणी गळ्यावरून खाली आलं, डाव्या हाडाच्या सुपारीपाशी अडलं, फुटलं, दोन धारा झाल्या, आणि बरगड्यांच्या पायऱ्या उतरत पोटाच्या खड्ड्यात साचलं.

वसंता, ते पाणी माझ्या ओळखीचं होतं. गेला आठवडाभर मी रोज शेडवर ते बघत होतो. ओलं फडकं मातीला चिकटलं, की त्याच्यावरून पाणी असंच अडायचं, असंच फुटायचं.

स्मशानातून आल्यावर घरी अंघोळ करायची असते. मी तसाच शेडवर गेलो. फडकं ओढून काढलं. त्याच बरगड्या, तोच खड्डा, तीच सुपारी. फक्त सुपारी उजवीकडं.

मी आपला येड्यासारखा स्वतःच्या छातीवर हात ठेवून डावा उजवा करत उभा राहिलो. डावीकडं मोडलेला माणूस, उजवीकडं मोडलेले महाराज. मग मागं वळलो. सलूनवाल्यानं टाकून दिलेला तो मोठा आरसा, जो पोत्यांच्या मागं धूळ खात होता, तो पुसून भिंतीला उभा केलेला होता. समोर तुझं स्टूल. काचेवर वाळलेल्या शाडूचे शिंतोडे.

मला रेझिन आणायला लोणी देवकरला पाठवायचास. फायबरची चटई आणायला पाठवायचास. मी टेम्पोत बसलो, की तू शेडचं दार लावून, कपडे काढून, आरशासमोर बसायचास. या वयात! पत्र्याच्या भोकातून कुणी बघितलं असतं तर बारामतीत आपलं तोंड दाखवायची सोय राहिली नसती. चेहरा सोडला तर महाराजांचा पुढचा भाग गर्दीत नीट दिसलाच नव्हता, म्हणून घरचाच वापरलास. आयता वाळत होता. आणि तीस वर्षं पुतळे करून शेवटी आरशानं तुला फसवलं. आरशातल्या माणसाच्या उजवीकडं जे दिसलं ते तू तसंच उचलून मूर्तीच्या उजवीकडं बसवलंस. पहिल्या वर्षाच्या पोरानं केली असती तर तू त्याला फावड्यानं हाणलं असतंस.

मी तडक तुझ्या घरी गेलो. शकूवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"वैनी, कदीपास्नं?"

"दिवाळीच्या आदीपास्नं घास उतरत न्हवता. पुण्याला दावलं. गाठ हाय म्हणलं, लई पुढं गेलीया."

"आन मला सांगाय नगं?"

"त्यांनी शपथ घातली हुती." वहिनींनी माझ्याकडं बघितलं. "म्हणलं, रंग्याला कळलं तर दुपारपातूर तालुक्याला कळंल, आन गाठ वाढत वाढत कलिंगडाएवढी हुईल."

बरोबर आहे. मी कलिंगड केलं असतं. वर दोन डॉक्टर चक्कर येऊन पडलेले दाखवले असते. पण मी तुला पाठुंगळी मारून पुण्याला नेलं असतं की नाही? दवाखान्याच्या पायरीवर बसून नर्सला घोड्याची गोष्ट सांगितली असती की नाही? तू हसला असतास, हसताना दुखलं असतं, आणि मला शिव्या घातल्या असत्यास. तेवढ्याचा तरी हक्क माझा होता. पंप हातात देऊन "मी आलोच"? हा निरोप झाला? महाराजांनी मला, एका परक्या माणसाला, हात जोडले. तू त्यांच्या बरगड्या घेतल्यास, त्यांचं पोट घेतलंस, त्यांच्या आसनावर जाऊन बसलास. ते हात जोडणं तेवढं सोडून दिलंस.

आणि वर मला म्हणायचं धोतरवाला.

हो, मला ठाऊक आहे. एकदा तू गिऱ्हाइकाला म्हणाला होतास, "त्वांड कुणीबी करंल, कापडात वारं भरणारा ह्यो येकच हाय." मी तेव्हा फायबरच्या बैलाच्या पोटात शिरून जोड बुजवत होतो. तू म्हणालास ते मी आतून ऐकलं, आणि बाहेर यायला मुद्दाम उशीर केला. पण माझ्या तोंडावर म्हणायला काय झालं होतं? एवढ्या वर्षांत एकदा. बैलाच्या पोटात बसून कौतुक ऐकायची पाळी कुठल्या भागीदारावर आली असेल?

असो. नाही, असो कसलं?

तुझे दिवस झाले आणि मी कामाला लागलो. सोपं होतं. शाडूचे गोळे घेतले आणि बरगड्या बुजवायला सुरुवात केली. पोट भरलं. गळ्याखालचा खड्डा भरला. तासाभरात महाराज असे गुटगुटीत झाले, की वाटलं आता हळद लावावी. कमिटी पेढे वाटेल, ओतकामाला पाठवू, पंचधातूचे महाराज वर्षदिनाला बसतील, आणि हे पाणी मारायचं एकदाचं संपेल. तू ज्यासाठी बगळे उडवलेस ते भांडण मी एका दुपारी हरून मोकळा झालो होतो.

मग ती सुपारी बुजवायला अंगठा लावला. आणि लक्षात आलं, की तू परत लपतोयस. माझ्याच हातानं, माझ्याच मातीखाली. दिवाळीपासून मला फसवलंस ते फसवलंस, आता जन्मभर पंचधातूत बसून फसवणार, आणि मी येता-जाता नमस्कार करणार?

मी सगळं खरवडून काढलं. तुझ्या कलेसाठी काढलं असं समजू नकोस. तू दिसायला पाहिजेस म्हणून काढलं. बघू दे लोकांना. डोळ्यांचे खड्डे मात्र तसेच राहिले. चेहऱ्याला मी कधी हात लावलेला नाही. तीस वर्षं तूच लावू दिला नाहीस.

काल फुलचंदकाका आले. एकटेच. दारात चपला काढून उभे राहिले. तू गेल्यावर वहिनींना भेटून आले होते, मला ते ठाऊक नव्हतं.

"मांस चढवलंत?" त्यांनी विचारलं.

मी फडकं काढलं. आणि मग मला जे तोंड फुटलं, ते तुझ्यासारखंच. ओरडलो. सांगून टाकलं सगळं. "काका, मांस चढवलं हुतं, काढलं. आन ह्ये तुमचं म्हाराज न्हायतच! ह्यो वसंता हाय! ही गाठ बगा, माळेगावच्या घोड्यावरनं पडल्याली, तीबी उलट्या बाजूला, आरशात बगून केल्याली! आजारी हुता, कुणाला सांगितलं न्हाय, आन तुमच्या गुरूच्या जागी सोताला बसवून गेला! जावा जयपूरला, मी आडवत न्हाय! न्हायतर ह्यो फोडून टाकतो!" फावडं खरंच हातात होतं. बगळे या वेळी उडाले नाहीत. तुझ्या ओरडण्यानंतर ते परत आलेच नव्हते.

काका मूर्तीच्या समोर आले. सुपारीकडं बघितलं. मग मूर्तीला वळसा घालून मागं गेले, जिथं आजपर्यंत कुणी गेलं नव्हतं, कारण मूर्ती बसली की मागं भिंतच येते.

तिथं ते थांबले. मूर्तीच्या वरून मला त्यांची फक्त टोपी दिसत होती. मी पण मागं गेलो, त्यांनी काही मोडू नये म्हणून. काकांनी आपला उजवा पंजा मातीच्या पाठीला लावला होता. खांद्याच्या दोन पात्यांच्या मधोमध, त्या खळग्यात. पंजा तिथं हातमोजा बसतो तसा बसला. डोकं खाली घातलं होतं. तुझ्या कागदांवर ज्याचा पंजा होता तो सेवेकरी बसायचा, तोंड न दिसणारा, तसंच.

पाठ तू आरशात बघून केली नव्हतीस. स्वतःची पाठ कुणाला दिसते? ती महाराजांचीच होती.

मी फावडं खाली ठेवलं. पंखा चालू होता, माझी पिंछी हलल्यासारखी वाटत होती. काकांचा पंजा बराच वेळ तिथंच होता. काढला तेव्हा बोटांना शाडू लागला होता. मी खिशातलं फडकं पुढं केलं, त्यांनी घेतलं नाही.

मग मी विचारलं, "काका, मंग काय करू? बरगड्या झाकू? हाड सरळ करू, का डावीकडं घिऊ?"

काकांनी पंप उचलला, माझ्या हातात दिला, आणि चपला घालता घालता विचारलं, "डोळे कधी होतील?"